निळ्या बुचाची बाटली

नाही विश्वाससाहेब, त्या कपाटात नाही — खालच्या खणातही नाही — बसा तुम्ही. निळ्या बुचाची, लहान, तीच ना? ती मी धुतली. रविवारी. तीन पाण्यांनी धुतली आणि पालथी घातली — असं बघू नका माझ्याकडे.

चुकून? चुकूनच म्हणा. नाही, चुकून कसं म्हणू, तीस वर्षं या लॅबमध्ये बाटल्या धुतोय, चिठ्ठी लावलेली कधी धुतली? तुमच्यासाठीच धुतली. या परक्या देशात असलं नशेचं काही सापडलं तर माणूस थेट आत — आणि तुमची पोर रसिका अजून शाळेत. तुम्ही आपले जवाची बुरशी तपासायला बसलात, ती खाऊन शेळ्या आभाळाकडे बघत उभ्या राहतात म्हणून — त्यातनं ते बाटलीतलं पाणी काढलंत, बोटाला लागलं, आणि बाहेरच्या बोरीखाली बसून रडलात. म्हणालात, शत्रुघ्नकाका, ही बोर आणि मी वेगळे नाही. मी मान हलवली. चौथी शिकलेला माणूस मी, मला काय कळणार?

गुरुवारी कळलं. बूच ओलं होतं, फडक्यानं पुसलं, बोटं ओली झाली. मोजे मी घालत नाही, काच निसटते. थोड्या वेळानं नळाचं पाणी — कसं सांगू — पाण्याला मी ओळखीचा होतो. आणि द्वारका, माझी गेलेली बायको, इथं, या स्टुलावर. कुळीथ निवडत होती. जेवलात का, एवढंच विचारलं. का आला नाहीत, ते नाही विचारलं.

रजा तर तुम्हीच दिली होतीत. ती तिकडे गावी शेवटचे श्वास मोजत होती तेव्हा. तिकीटही काढलं होतं. मी गेलो नाही, साहेब. इथंच, फहाहीलला, आपल्या गावच्या त्या बाळाच्या खोलीवर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो, आणि परत आल्यावर तुम्हाला सांगितलं, सगळं नीट पार पडलं म्हणून. तिला तसं बघवलं नसतं मला. इतकंच.

म्हणून धुतली. तुमच्यासाठी कसली — बाटली राहिली असती तर मी रोज तिला बोलावलं असतं. थकलोय हो. रोज एकदा जेवलात का म्हणाली असती...

फडकं? ते टाकलं. कधीच टाकलं. खिशात? खिशात माझा हात आहे, साहेब. जा आता. रसिकाची शाळा सुटली असेल. जा.