एकच प्रत, तीन ठिकाणी

बाबा : पण खोलीचा पत्ता काय?

ठमी : कसली खोली, बाबा?

बाबा : माझे कागद जाणार ती. चौतीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली मी. कागद कुठे ठेवलाय हे माहीत नसेल, तर तो कागद नसल्यात जमा.

आई : तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये कागद कुठे आहे ते माहीत असायचं, मिळायचा मात्र नाही.

बाबा : एकही हरवला नाही.

आई : सापडलाही नाही.

ठमी : आई, थांब गं जरा. हे बघा बाबा, क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी मोठमोठे कंप्युटर. लांब कुठेतरी असतात. आपली फाइल तिथे राहते. मग तुमचा लॅपटॉप, तुमचा फोन, आईचा टॅबलेट, तिन्हीवर ती दिसते. उद्या लॅपटॉप पडला, फोन हरवला, तरी फाइल शाबूत.

बाबा : आणि त्या खोलीचा शिपाई रजेवर गेला तर?

ठमी : शिपाई नसतो तिथे.

बाबा : मग फाइल शोधतं कोण?

ठमी : तुम्हीच. इथे नाव लिहायचं, की समोर येते.

बाबा : लगेच?

ठमी : लगेच.

बाबा : हे काही मला पटत नाही. इतक्या लगेच मिळालेल्या कागदाची माणसाला कदर राहत नाही.

आई : ठमे, तू पुढे चल. यांच्या शंका संपायची वाट बघत बसलीस, तर तुझी आठ दिवसांची रजा इथेच संपेल. आणि आधी माझ्या फोटोंचं बघ. टॅबलेट परवा दोनदा आपोआप बंद पडला. माझा अख्खा वर्ग त्याच्यावर चालतो.

ठमी : किती आहेत?

आई : एकशे चाळीस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, त्याला न उठवता चादर कशी बदलायची, सगळं पायरीपायरीने. बारा बायका शिकायला येतात. उद्या कुणाच्या तरी घरी जाऊन आजारी माणसाला सांभाळणार आहेत त्या. नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

ठमी : हे... पेशंट म्हणून बाबा झोपलेत?

बाबा : माझी संमती तोंडी घेतली होती. लेखी नव्हती.

आई : मेट्रन निवृत्त झाली, की तिला घरात एवढा एकच पेशंट उरतो.

बाबा : बनियनवर आहे मी.

आई : पेशंट कोट घालून झोपतो का?

ठमी : बरं, बरं. बाबा, आता इथे 'मान्य आहे' दाबा.

बाबा : काय मान्य आहे?

ठमी : अटी.

बाबा : न वाचता?

ठमी : सगळं जग न वाचताच दाबतं.

बाबा : दाबतं ना? आणि मग माझ्यासारख्याच्या टेबलापुढे येऊन रडतं. छापून दे मला.

ठमी : सेहेचाळीस पानं आहेत!

बाबा : पाठपोट छाप.

* * *

ठमी : झालं का वाचून? कालपासून वाचताय.

बाबा : झालं. कलम सातमध्ये 'वाजवी' हा शब्द पाचदा आलाय. वाजवी कुणाच्या मते, ते कुठेच नाही. कलम एकोणीस आणि कलम तीस एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मी समासात तेवीस शेरे मारलेत. कुणाकडे पाठवायचे?

ठमी : कुणाकडेच नाही. तिथे दोनच बटणं आहेत. मान्य आहे, नाहीतर मागे फिरा.

बाबा : अस्सं. म्हणजे आमच्या खात्यासारखंच आहे की. आण, दाबतो.

ठमी : आता पासवर्ड. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, एखादं चिन्ह. कुणाला ओळखता येता कामा नये.

बाबा : ठरवून ठेवलाय. तीन प्रती काढल्यात. एक कपाटात, एक तुझ्या आईच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर.

ठमी : फ्रिजवर?

आई : वर लाल शाईने 'अत्यंत गोपनीय' लिहिलंय. नाहीतर कुणाचं लक्ष गेलं नसतं. शेजारीण विरजणाला दही मागायला आली, तर वाचून मलाच म्हणते, शेवटचं चिन्ह उद्गारवाचक आहे का हो?

ठमी : बाबा, तो काढा आधी तिथून. दुसरा करू. आणि दुहेरी पडताळणी लावते. म्हणजे पासवर्ड टाकला, की फोनवर सहा आकडे येतील, तेही टाकायचे. नुसता पासवर्ड चोरून उपयोग नाही मग. आले का आकडे?

बाबा : फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आहे.

ठमी : आणा ना मग!

बाबा : आणला. चार, शून्य, नऊ...

ठमी : गेली मुदत. परत मागवावे लागतील.

बाबा : एवढ्यात? आमच्याकडे मुदत तीस दिवसांची असायची, आणि अर्ज केला की वाढवून मिळायची.

ठमी : आता फोन हातातच धरून बसा. हं, सांगा. झालं! आत आलो आपण. तुमच्या लॅपटॉपवर घातलं, फोनवर घातलं, आता आईच्या टॅबलेटवर. एकच खातं, तिन्हीकडे. आता नीट ऐका, हे महत्त्वाचं आहे. ही एकच फाइल तीन ठिकाणी दिसते...

बाबा : एक मिनिट. आधी फोल्डर पाडू दे. 'किरकोळ'. 'अति किरकोळ'. 'किरकोळ परंतु महत्त्वाचे'.

ठमी : बाबा, मी काय सांगतेय?

बाबा : ऐकतोय मी. 'इतर किरकोळ'.

* * *

(आठवा दिवस, संध्याकाळ. तेच टेबल. ठमीची बॅग भरून दाराशी ठेवलेली.)

आई : गेले! सगळे गेले!

ठमी : काय गेलं, आई?

आई : माझे फोटो. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. फोल्डर आहे, आत काही नाही. उद्या दहा वाजता वर्ग आहे माझा, आणि उद्या कूस बदलायचाच धडा आहे.

ठमी : घाबरू नकोस. लॅपटॉपवर बघते. इथेही नाहीत... फोनवरही नाहीत. बाबा?

बाबा : लॅपटॉपवर असायला हवेत. मूळ प्रत मी लॅपटॉपवर ठेवली होती.

ठमी : मूळ प्रत? म्हणजे तुम्ही काय केलंत?

बाबा : आवराआवर. एकच फोटो तीन ठिकाणी! द्विरुक्ती एकवेळ समजू शकतो, ही तर त्रिरुक्ती. म्हणून टॅबलेटवरचे नष्ट केले. रीतसर, एकेक बघून.

ठमी : बाबा, त्या तीन प्रती नव्हत्या हो. एकच प्रत होती, तीन खिडक्यांतून दिसणारी. एका खिडकीतून उचललीत, की तिन्हीकडून गेली.

बाबा : सेहेचाळीस पानांत हे कुठेही म्हटलेलं नाही.

ठमी : मी म्हटलं होतं.

आई : तेव्हा हे किरकोळ पाडत होते. अहो, माझ्याकडे बघा. खरं सांगा. त्रिरुक्तीबिक्ती काही नाही, बनियनमुळे काढलेत ना?

बाबा : परवा बाजारात तुझ्या वर्गातली एक बाई भेटली. दहा माणसांत मला विचारते, काका, आता कूस नीट बदलता येते ना?

आई : आपुलकीने विचारलं असेल तिने.

बाबा : आपुलकीनेच विचारलं. हाताला धरून रस्ता ओलांडून दिला.

ठमी : बरं, भांडू नका. डिलीट केलेलं लगेच नाहीसं होत नाही. तीस दिवस कचरापेटीत पडून राहतं. तिथून सगळं परत आणता येतं.

बाबा : सगळं म्हणजे?

ठमी : सगळं म्हणजे सगळं. महिन्याभरात जे जे काढलं असेल ते.

बाबा : नको.

आई : काय नको?

बाबा : कचरापेटी उघडायला नको. मी पुन्हा झोपतो ना. आत्ता. काढ तू फोटो नव्याने. एकशे चाळीस काय, दोनशे काढ. बनियनवर तर बनियनवर.

आई : ठमे, उघड ती पेटी. हा माणूस आपण होऊन पेशंट व्हायला निघालाय, म्हणजे दुखणं मोठं आहे.

बाबा : मी सांगतोय ना...

ठमी : उघडली. हे बघ आई, आहेत सगळे. निवडते आणि परत आणते. टॅबलेट बघ तुझा.

आई : येताहेत, येताहेत! चादर आली. उशी आली. हे आले. देवा, जीव भांड्यात पडला.

ठमी : आणि हे काय आहे? 'मसुदा एक'. 'मसुदा दोन'. अकरापर्यंत आहेत.

बाबा : कार्यालयीन आहे ते. बंद कर.

आई : निवृत्त होऊन वर्ष झालं. कुठलं कार्यालय?

ठमी : 'विषय : तुझ्या दूरध्वनीबाबत. संदर्भ : तुझा दोन वर्षांपूर्वीचा दूरध्वनी, वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.' बाबा, हे मला लिहिलंय?

आई : कुठला फोन गं?

ठमी : मी सासर सोडून निघाले त्या दिवशीचा. बसस्टँडवरून केला होता. तुझी ड्यूटी होती, यांनी उचलला. मी म्हटलं, बाबा, निघालेय मी तिथून, आता परत जाणार नाही. तर हे म्हणाले, 'कागदपत्रं सगळी बरोबर घे. मूळ प्रती घे, झेरॉक्स चालत नाही.' आणि फोन ठेवला.

आई : हे मला कधी बोलली नाहीस.

ठमी : काय बोलणार? मी तिथूनच मैत्रिणीकडे गेले. घरी येऊ का, हे विचारायचंच राहिलं.

आई : आणि तुम्ही? मला नुसतं सांगितलंत, फोन आला होता, ठीक आहे म्हणून.

बाबा : बाकी सुचलं नाही काही.

ठमी : 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रसंगी निम्नस्वाक्षरीकाराकडून अपेक्षित प्रतिसाद देण्यात कसूर झाली असून...' निम्नस्वाक्षरीकार म्हणजे तुम्ही?

बाबा : तो पहिला आहे. पहिला वाचू नकोस.

आई : तीन पानं? माफी मागायला तीन पानं आणि सोबत परिशिष्ट?

बाबा : परिशिष्ट दुसऱ्यात काढलं.

ठमी : चौथ्यात वर 'श्रीमती' लिहिलंय, मग 'कुमारी', मग 'श्रीमती' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

बाबा : नियमात नक्की काय बसतं ते बघायचं होतं. पाचव्यापासून नुसतं 'ठमी' आहे.

आई : कधी लिहीत होतात हे?

बाबा : रोज दुपारी. तुम्ही दोघी झोपलात की. ही जायच्या आत हातात द्यावं म्हणून. रोज एकतरी व्हायचा. मंगळवारी तीन झाले.

ठमी : आठवा एका पानाचा आहे. यात 'सदर' एकदाच आलाय.

बाबा : तोही नंतर काढलाय.

आई : शेवटचा वाच गं.

ठमी : 'ठमी, तू फोन केलास तेव्हा मला भीती वाटली. भीती वाटली की मी कागदांबद्दल बोलतो. घरी ये, एवढंच म्हणायला हवं होतं. चूक तुझी नव्हती.' बस्स. संपलं. हा कधीचा?

बाबा : आजचा. तू बॅग भरत होतीस तेव्हाचा.

ठमी : मी भिंतीपलीकडे होते, बाबा. उठून यायचं होतंत. नुसता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला असतात तरी चाललं असतं.

बाबा : निघालोच होतो. खाली काय लिहायचं तिथे अडलं. 'आपला विश्वासू' लिहिलं, ते बसेना. 'कळावे' लिहिलं, तेही बसेना. मग टाकला पेटीत.

ठमी : नुसतं 'बाबा' लिहायचंत.

बाबा : हात होईना. त्या दिवशी फोनवर बाबा नव्हताच ना कुणी. रेकॉर्ड रूमवाला होता.

आई : उठा तुम्ही. तिला बसू दे खुर्चीत.

ठमी : हा पण परत आणते पेटीतून. बाकीचे दहा राहू देत तिथेच. हं, आला. आता खाली या... अजून खाली... उजवीकडे. सरका जरा, मी लिहिते 'बाबा'. झालं. बघा, बरोबर आहे का?

बाबा : बरोबर आहे.