गच्चीवरचा जनरेटर आणि खालची खुर्ची

विषय : व्यापारी इमारतीच्या गच्चीवर जनरेटर बसवणे.
संदर्भ : त्या गच्चीच्या बरोबर खाली असलेलं माझं डोकं.

हसू नका! तुमच्या डोक्यावर काय आहे? पंखा. फार तर पाल. माझ्या डोक्यावर एक अख्खं लोखंडी धूड यायचंय, आणि वर मला सगळे सांगतायत, काका, काही होत नाही!

तुम्हाला सांगतो, जन्मभर कारकुनी केली, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. निवृत्त झालो आणि घरी बायकोच्या पायात पायात यायला लागलो, म्हणून तिनेच मला या इमारतीच्या कार्यालयात चिकटवलं. कार्यालय म्हणजे काय, सगळ्यात वरच्या मजल्यावर एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि मी. खाली दुकानं, मध्ये पार्लर, दवाखाने, शिकवण्या. वीज गेली की सगळे मला फोन करतात, जणू मीच बटणावर बोट ठेवून बसलोय! शेवटी वैतागून मीच अर्ज लिहिला, की इमारतीला जनरेटर घ्यावा. सुवाच्य अक्षरात लिहिला हो! कुणी सांगितलं होतं? हाताला काय झालं होतं माझ्या?

आता ठेवायचा कुठे? खाली गाड्या. मागच्या बाजूला ठेवावा तर पार्लरवाल्या बाई कडाडल्या, "तोंडाला लेप लावून बसलेल्या बायकांच्या नाकात धूर गेला तर पुन्हा कोण पाऊल टाकेल माझ्याकडे?" मग राहिली गच्ची. स्लॅब तपासायला इंजिनिअर आला. गच्चीवर इकडून तिकडे चालला, टाचा आपटल्या, आणि एका जागी खडूने फुली मारली. मी आपला कौतुकाने विचारतोय, "साहेब, याच्याखाली काय येतं हो?" तो म्हणाला, "तुमची खुर्ची."

मी म्हटलं, माझीच का? तर म्हणे चार खांब बरोबर तुमच्या खोलीच्या चार कोपऱ्यांत आलेत, सगळ्यात भक्कम जागा तुमची. म्हणजे बघा, भक्कम म्हणून निवडली आणि मरायला मी!

आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे गेलो. ते एका पेशंटच्या तोंडात वाकलेले, तिथूनच म्हणाले, "काका, काही होत नाही. थोडंसं जाणवेल इतकंच." अहो, दाढ आहे का ती? जाणवेल म्हणजे काय! पेशंटने आ वासूनच माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की वाटलं, या सबंध इमारतीत मला समजून घेणारा हा एकटाच.

घरी सांगितलं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, एवढं बांधलंय ते काय वाऱ्यावर बांधलंय? काही होत नाही." मी जरा सुखावलो. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तो नवा चष्मा घरी ठेवून जात जा."

आणि मग चाचणी निघाली! जनरेटर आणण्याआधी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती गच्चीवर रचायची आणि खाली छत किती वाकतं ते बघायचं. खाली म्हणजे कुठे ते सांगायला नकोच. माझ्या खोलीत एक टेकू उभा केला, त्याच्या टोकाला घड्याळासारखं एक यंत्र, यंत्राला काटा. इंजिनिअर म्हणाला, "काका, काटा सरकेल तसा लिहून ठेवा."

"किती सरकला की पळायचं?"

"तशी वेळ येणार नाही."

"आणि आली तर?"

"तर लिहू नका."

बसलो. वर एकेक पोतं पडतंय... धप्प... धप्प... मी एक डोळा काट्यावर, एक डोळा दारावर ठेवून बसलोय, चहासुद्धा हळू पितोय, म्हणजे माझ्यामुळे वजन वाढायला नको! आणि एवढ्यात चहात काहीतरी पडलं. बारीक. मग टकलावर. मग मानेवरून सदऱ्यात. वाळू! संपलं, म्हटलं, आलं छत! मी टेबलाखाली. टेबलाखालून ओरडतोय, तर वरून इंजिनिअरचा आवाज, "पोतं फाटलंय हो, पंख्याच्या हुकाशी भोक आहे तिथून झिरपतंय. काही होत नाही!"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला. की जिन्याखालच्या जागेत माझं टेबल हलवावं. तिथे डॉक्टरांची जुनी, मोडकी खुर्ची पडलीय, ती दाढा उपटायची. तसल्या खुर्चीला मी उभं आयुष्य घाबरत आलोय, तरी लिहिलं, तीवर बसण्यास अर्जदार तयार आहे! याहून माणूस किती खाली येणार?

अर्जावर समितीची सभा लागली. सभा नेहमी कार्यालयातच होते. मी खुर्च्या मांडल्या, पाणी ठेवलं. डॉक्टर आले, दारात थांबले. पार्लरवाल्या बाई आल्या, त्यांना उकडायला लागलं. इंजिनिअरला फोन आला. बाकीचे जिन्यातच. आणि तिथेच, उभ्या उभ्या, एकमताने ठराव झाला, की सदर खोली बसण्यास पूर्णपणे सुरक्षित आहे. कुठे झाला? जिन्यात! तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आजवर ज्याने ज्याने मला काही होत नाही म्हणून सांगितलं, त्यातला एकही माणूस पोती वर चढल्यापासून उंबऱ्याच्या आत आलेला नाही. माझ्या अर्जाचं काय, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "विचाराधीन ठेवू."

पोती अजून वरच आहेत. उतरवायचं काम कुणाचं, यावर एकमत होत नाही.

परवा वीज खात्याचे साहेब जागा पाहायला आले. जनरेटरला त्यांची परवानगी लागते. गच्ची पाहून खाली आले, म्हणाले, "अहवाल लिहायचाय, कुठे बसू?"

मी म्हटलं, "बसा की त्या खुर्चीत."

त्यांनी टेकू पाहिला. काटा पाहिला. टेबलावरची वाळू पाहिली. "वर काय आहे?"

आणि तुम्हाला सांगतो, काय झालं मला कळेना, तोंडातून थेट डॉक्टरांचाच आवाज निघाला, "काही होत नाही, साहेब. थोडंसं जाणवेल इतकंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे उभा होतो? दारात.

त्यांनी बॅग बंद केली, "पुन्हा येतो" म्हणाले, आणि गेले.

तर सद्यःस्थिती अशी : जनरेटरचा अर्ज प्रलंबित आहे. टेबल हलवण्याचा अर्ज प्रलंबित आहे. दोन्ही अर्ज टेबलाच्या खणात आहेत, आणि खण उघडायला आत जावं लागतं.