भिंतीपलीकडचा रडणारा

...आणि वर मलाच म्हणतात, बनुबाई, तुम्हाला नसत्या चौकशा! अहो, चौकशी मी कुठे केली? तुम्हाला सांगते, ज्या कुणी आमच्या साखर कारखान्याची कॉलनी बांधली त्या बहाद्दराने दोन बिऱ्हाडांत एकच भिंत घातली, तीसुद्धा एका विटेची! पलीकडे कुणी कूस बदलली की इकडे माझी झोप मोडते. मग ऐकू येतं त्यात माझा काय दोष? मला काय करायचंय म्हणा... पण मधली भिंत एकच ना!

तर पलीकडे विमल राहायची. राहायची म्हणतेय मी... गेली ती. सत्त्याण्णव साली, होळीच्या तोंडावर. कावीळ काय झाली, अंगभर पसरली काय, माणूस बोलता बोलता गेलं. मागे राहिले नवरा रखमाजी आणि लेक अश्विनी, कॉलेजला जाणारी. थोरला सम्राट पुण्याला कंपनीत, तो जलदानविधी उरकून ड्युटीवर हजर झाला.

आणि ही पोरगी रडली नाही हो! भंतेजी आले, वंदना झाली, अख्खी कॉलनी ढसाढसा रडली आणि ही आपली आल्यागेल्याला पाणी देतेय! मी जवळ घेतलं, म्हटलं, रड बाई, मोकळी हो. तर म्हणते कशी, "मावशी, तुम्ही चहा घेतला का?" न रडलेलं रडू छातीत बसतं. माझी नणंद अशीच कोरडी राहिली, वर्षाच्या आत तिलाही पोहोचवून आलो आम्ही. ते डोळ्यांपुढून हलेना माझ्या. त्यात एकदा नळावर रखमाजींनी मला थांबवलं. पॅनहाऊसला, म्हणजे साखर शिजते तिथे, कामाला असलेला एवढा दांडगा माणूस, पण आवाज खोल गेलेला. "वैनी, पोरगी भाकरी कुस्करती अन् ताट सारती. कालचा ड्रेस आज ढगळा व्हतो. माझ्यानं न्हाई बोलायला हुत. तुमी बघा जरा." आता सांगा, ही नसती चौकशी झाली?

मग मी भिंतीला कान लावायला लागले. आधी आपोआप ऐकू यायचं, आता मुद्दाम.

आणि त्यातच तो टेप सुरू झाला! सम्राटने पुण्याहून कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट. हंगाम संपलेला, गाळप बंद, ड्युटीच्या भोंग्याशिवाय कॉलनीत आवाज नाही, आणि भर दुपारी पलीकडून... काय सांगू तुम्हाला! पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ढोल, त्यात कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढतंय, चार वाजवणारे चार दिशांना तोंडं करून बसलेत आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही! आणि त्या सगळ्या गदारोळात एक बाप्या, गळा फाटेस्तोवर ओरडतोय. मी खिडकीतून म्हटलं, "अश्वे, कॅसेट गुंतली बघ गं!"

"नाही मावशी, असंच असतंय ते."

"असंच? मग पैसे परत माग!"

हसली नाही. म्हणाली, "मावशी, जरा थांबा, पुढचं ऐका."

थांबले. आणि एकदम सगळं बंद! नुसता वारा. लांब कुठेतरी घंटेसारखं काहीतरी घुमतंय, पाण्याचा थेंब पडतोय. बाहेर मे महिन्याचं ऊन, हवेत मळीचा वास, आणि माझ्या हातावर काटा! म्हटलं, कुठलं गं हे? तर म्हणे, लांबच्या देशातलं आहे, तिकडे सारखा बर्फ. म्हटलं, "आणि तो काय म्हणतोय?" म्हणे, "शब्द नाही कळत मावशी. कळायला नकोच आहेत." मला काय करायचंय म्हणा... पण मधली भिंत एकच! रोज तीच गारपीट, रोज तोच वारा, आणि ताट मात्र भरलेलंच परत.

आणि मग ती दुपार आली. मी तांदूळ निवडत होते. पलीकडून हळूच हेल निघाला. लांबलचक, खालून वर चढत गेलेला, शेवटी फाटलेला. गारा नाहीत, कपाट नाही, नुसतं रडणं! मी सूप टाकून उठले. रडली! रडली गं बाई एकदाची! आता आमच्यात रीत अशी की रडणारीला एकटं रडू द्यायचं नाही. हातातलं टाकून जायचं, आणि दारातूनच हेल काढत जायचं, म्हणजे तिला कळतं, कुणीतरी आलं. मी आधी समोरच्या बिऱ्हाडातल्या गोरक्षच्या आईला हाक मारली. सत्तरीची म्हातारी, पण हेल काढावा तिनेच! धुण्याच्या ओल्या हातांनी आली, डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि उंबऱ्यातूनच,

"इमलेऽऽ... कुठं गेलीस गं माझ्या बाईऽऽ..."

मीही तोंडाला पदर लावून मागोमाग. आत जाऊन बघते तर काय! अश्विनी भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे ठणठणीत, आणि रडतोय टेप! आता काय करायचं? म्हातारीचा पदर डोळ्यांवर, तिला काही दिसेना. तिने पोरीला कवेत घेतलं आणि चालूच! आणि तुम्हाला खोटं वाटेल, तो टेपातला थांबला की ही सुरू करायची, हिचा दम संपला की तो! मयताच्या घरी दोघी बाया आळीपाळीने रडतात ना, अगदी तस्सं! मी टेप बंद करायला हात पुढे केला... आणि तसाच ठेवला. त्याच्यात आणि म्हातारीत मला फरकच सापडेना.

"ऊसतोडीच्या बायांना ताक वाटायचीस गंऽऽ... मीठ इसरलं की म्हनायचीस, उन्हाचा घाम पडंल त्यात, चालंल गंऽऽ..."

तेवढ्यात अश्विनी फिस्सकन हसली. मीठ विमल कायम विसरायची हो! हसली, आणि हसता हसता ओठ वाकडा झाला, आणि पोरीच्या आतून जो आवाज निघाला... "आई गंऽऽ, अळणी का होईना, कर की गं परत..."

टेप खट् करून थांबला. बाजू संपली. पोरगी थांबली नाही.

दारात रखमाजी. डबा हातात. आत आले नाहीत, पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. संध्याकाळी बापलेकीने माझ्याकडची पिठलं-भाकरी खाल्ली. पोरीने वर मीठ मागून घेतलं.

आणि निघताना गोरक्षची आई डोळे पुसत विचारते, "बनू, त्यो बाप्या कोन व्हता गं रडनारा? इमलच्या म्हायेरचा व्हय?"

अश्विनी म्हणाली, "व्हय आज्जे. लई लांबनं आल्ता."

"जीव हुता गं त्याचा तिच्यावर. जेवून गेला का?"

आता ती म्हातारीही गेली. तिच्या दारात हेल काढायला कुणी नव्हतं. नव्या सुना, रुमालाने नाक पुसतात आणि झालं! मला तर लेक नाही, आणि माझ्या सुनेचं तुम्हाला माहीतच आहे. म्हणून अश्विनीला सांगून ठेवलंय, माझी वेळ आली की ती कॅसेट लाव. दुसरी बाजू लाव म्हटलं, पहिली विमलची. आणि आवाज जरा बारीक ठेव बाई, शेजाऱ्यांना त्रास नको... मधली भिंत एकच!