नेलची चांदणी

आमच्या कॅन्ससमधल्या गावच्या लॉन्ड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"व्हर्लीन, सरकारी शाळेचा वंशवार निकाल इंटरनेटवर आलाय. गणितात गोरी मुलं निम्मीच पास."

"आणि काळ्या मुलांपुढे नुसती चांदणी!"

"चांदणी म्हणजे चांगलंच की गं."

"कसलं चांगलं, जॉइस! दहापेक्षा कमी मुलं असली की आकड्याऐवजी चांदणी टाकतात. अख्ख्या शाळेत काळी माझी एकटी नेल."

"तिचे मार्क गावभर होऊ नयेत म्हणून लपवत असतील."

"नापास झाली असती तर लपवायचे ना! वर्गात पहिली आलीय माझी पोर!"

"मग नेल काय म्हणाली?"

"ती? सकाळपासून माझा फोन घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरतेय, 'बघा, फक्त मलाच चांदणी मिळाली!'"