काशीत सोडलेलं पडवळ

मंडळी, ऐका! एक विचारतो, उत्तर मनातच द्या. देवासाठी एखादी वस्तू सोडायची, तर कोणती? आवडती, की नावडती?

आवडती म्हणालात ना? सगळे तेच म्हणतात — आणि कारलं सोडून येतात!

आमचे अनंतराव ओगले त्यातलेच. पोस्टातून निवृत्त झाले आणि पत्नीला, कुमुदताईंना, घेऊन काशीला गेले. तिथं एक भाजी जन्मभरासाठी सोडायची असते. सोडली! कुठली? पडवळ! बदलीच्या गावी खाणावळीत वर्षानुवर्षं जे ताटात बाजूला सारलं, ते देवाच्या पदरात टाकलं. वर गावभर सांगत सुटले, आम्ही पडवळ सोडलं म्हणून. देव बिचारा काय बोलणार?

पण कुमुदताईंचा जीव पडवळावर! मालकांनी सोडलं म्हटल्यावर ते घरात येणंच बंद झालं. बाई काही बोलल्या नाहीत. बाई बोलत नाही ना, तेव्हा जपून राहावं, मंडळी!

पावसाळा तोंडावर आला. परसात काय लावायचं यावरून वाद नको, म्हणून वाटणी झाली. भाज्या यांनी निवडायच्या, फुलझाडं तिनं. अनंतरावांनी काटेरी वांगी, भेंडी, दोडका आणला. कुमुदताईंनी जास्वंद लावली, अबोली लावली, आणि न्हाणीघरामागे एक वेल सोडला. हा कसला, असं यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, फुलं येतात त्याला. खोटं बोलल्या का? मुळीच नाही!

आणि आली की फुलं! पांढरीशुभ्र, कडेला झालर, संध्याकाळी उमलणारी. इकडे वांगी किडली, भेंडी बकरीनं खाल्ली, दोडका रुसला. मग अनंतरावांची सगळी माया त्या वेलावर. मांडव घातला, शेणखत घातलं, पाहुणा आला की चहाच्या आधी वेल! या गृहस्थानं पडवळ पाहिलं होतं ते चिरलेलं, ताटातलं. एक दिवस मांडवाखाली वाकले, तर मानेला गार, लांबलचक काहीतरी लागलं — साप साप करत अंगणात! कुमुदताई आल्या त्या विळी घेऊनच.

दुपारी डाळिंब्या घालून, ओलं खोबरं पेरून भाजी झाली. वास ओटीपर्यंत! आपलं खत, आपला मांडव, आपलं पडवळ. अनंतरावांना काशी आठवेना. हात हळूच वाटीकडे निघाला.

कुमुदताईंनी हात धरला नाही. म्हणाल्या, "काशीत सोडलंत ते तुम्हाला नकोच होतं. आज हवंय. आता सोडलंत तर पोचेल."

अनंतरावांनी हात मागे घेतला आणि ताकभात कालवला. डोळ्यांत पाणी होतं हो — भाजीसाठी! हसा, हसा. पण देवाला पडवळ मिळालं ते त्या दुपारी.

आता तुम्ही! कारलं सोडलेले किती जण? अरे, पुढची ओळच्या ओळ मान खाली घालून बसली! असू दे. घरी जाल, पानावर बसाल, तेव्हा हात आधी कशाकडे जातो तेवढं बघा. देवाला नेमकं तेच हवं असतं — आणि आपण त्याला कारलं वाढून मोकळे होतो!