अर्ध्या वॅटची बाई

...नाही, नाही, हसू नका, आधी स्वतःच्या कमरेला बांधून बघा आणि मग हसा! तुम्हाला सांगते, बाईमाणसाच्या कमरेला काय असावं? किल्ल्यांचा जुडगा असावा, रुमाल असावा, फार तर पाठदुखीचा पट्टा... माझ्या कमरेला लाउडस्पीकर! आणि वर आमचे हे म्हणतात, "अगं, एवढी काय घाबरतेस? अर्धाच तर वॅट आहे!"

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, या बाईला झालंय तरी काय! झालं होतं घशाला. मी शाळेत सातवीला भूगोल शिकवते. वर्ग रस्त्याच्या अंगाला, खिडकीखाली बसचा थांबा, डोक्यावर पंखा असा की फिरतो कमी आणि बोलतो जास्त, आणि समोर खच्चून भरलेली पोरं. त्यांना वाऱ्यांची दिशा सांगायची म्हणजे वाऱ्याच्या वरताण ओरडायचं! ओरडले. वर्षानुवर्षं ओरडले. आणि एक दिवस तोंड उघडलं तर आतून नुसती हवा... पंक्चर! डॉक्टरांनी घशात नळी घातली, वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात बाई. आवाज चढवायचा नाही. चढवलात तर कायमचा बसेल." आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तर तयारच! "मग असं करू या ना, वर्ग सोडा, ऑफिसात बसा, दाखले लिहा." दाखले? मी? अहो, खडू हातात नसला तर मला माझं नाव आठवत नाही! घरी आले आणि रडले... तेसुद्धा हळू, कारण रडतानाही चढवायचा नाही ना!

आमचे हे पाणीखात्यात मीटर तपासतात. स्वभाव असा अबोल की मीटर त्यांच्यापेक्षा जास्त टकटक करतो. पण त्या दिवशी माझ्या शेजारी बसून म्हणाले, "रडू नकोस. मी करतो काहीतरी."

आणि केलं हो, केलं! अॅम्प्लिफायर म्हणे, कमरेला बांधायचा, हळू बोललं तरी मोठ्यानं ऐकवणारा! जेवणाच्या टेबलावर तारा, टेबलाखाली तारा, पडद्यांना सोल्डरिंगच्या धुराचा वास. एकदा टेबल पुसताना एक एवढासा काळा तुकडा दिसला, मोजून आठ पायांचा. मला वाटलं कोळी मेलाय, दिला झाडूनं लोटून! तर हे कचऱ्यात गुडघे टेकून बसले, टॉर्च घेऊन. "अगं, कोळी कसला? चिप होती ती! तुझा आवाज होता तो!"

असो. पहिला आवाज साबणाच्या डबीत बसवला. मी माइकात "एक" म्हटलं, तर डबी म्हणाली, "कुंईईईई!" शेजारचं कुत्रं दोन दिवस आमच्या दारावरून गेलं नाही. म्हटलं, "अहो, फुटेल की काय?" "कशी फुटेल? अर्धाच वॅट आहे! माइक स्पीकरचं ऐकतो, स्पीकर माइकचं ऐकतो, दोघं एकमेकांना चढवत नेतात, म्हणून शिट्टी वाजते." म्हटलं, कळलं, माझ्या दोन्ही जावा! "मग उपाय?" "दोघांची तोंडं दोन दिशांना करायची." बरोबर, जावांचंही आम्ही शेवटी तेच केलं.

मग निघालं की डबीतल्या स्पीकरचा आवाज चिरका. "वॅट वाढवा," मी म्हटलं. "छे! वॅट वाढवले तर बॅटरी पुरायची नाही. स्पीकर मोठा घ्यायचा, तो कमी ताकदीत जास्त बोलतो." म्हणून आणला परातीएवढा, त्याला प्लायवूडची पेटी! ती बांधून मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी अडकले. म्हटलं, "अहो, ही मला बांधलीय, की मला हिला?"

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. वहीएवढी पेटी, आत सहा पेन्सिल सेल. आता सेल आणले कुठून? टीव्हीचा रिमोट मेला, भिंतीवरचं घड्याळ मेलं, सासूबाईंचा टॉर्चही गेला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, सुनेचा आवाज सुरू करायला सगळं घर बंद पाडलंस की!"

आणि वर्गात गेले. तुम्हाला सांगते, हे नाही चाललं तर आपण आणि दाखले! बटण दाबलं, आणि आपण आपल्या लेकराशी बोलतो ना, तेवढ्याच आवाजात म्हटलं, "पान उघडा." तर मागच्या भिंतीपर्यंत गेला हो शब्द! माझे डोळे भरले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि इतक्या दुःखानं म्हणाली, "बाई... आता आम्हाला पण ऐकू येतं."

तिथंच थांबायला हवं होतं. पण त्याच दुपारी शिक्षकांची सभा! मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या की बसत नाहीत. मी शेजारच्या चित्रकलेच्या बाईंच्या कानाशी लागले आणि एवढंच, अगदी एवढंच कुजबुजले, "आता शिस्तीवर घसरणार बघा, चहा गार होणार!" आणि कमरेवरची पेटी खणखणीत आवाजात साऱ्या सभेला सांगती झाली... चहा गार होणार!

मोठ्या बाई आल्या, चालत, माझ्यापाशी. वाकून कमरेकडे बघितलं. मी मनातल्या मनात पहिला दाखला लिहायला घेतला. आणि म्हणतात काय? "कुजबुजसुद्धा इतकी स्वच्छ येते? तुमच्या मिस्टरांना सांगा, मलाही एक हवी."

झालं! दिली ह्यांनी करून. आता मोठ्या बाईंचं भाषण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं, तिथं पूर्वी गणिताचे सर निवांत डुलकी काढायचे. सर माझ्याशी बोलत नाहीत. चित्रकलेच्या बाई तर मी पुन्हा कानाशी लागेन या धास्तीनं मला बघून रस्ता बदलतात! ह्यांना सांगितलं, तर म्हणे, "एवढा राग? अर्ध्या वॅटवर?"

पण घसा सावरला हो. परवा डॉक्टर म्हणाले, "गाठी विरल्या. अधूनमधून चढवलात तरी चालेल." मी जिना धावत चढले, दारातूनच, कमरेला काही नाही, मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "अहोऽऽऽ! आला माझा आवाज!"

हे ढिम्म. पुन्हा हाक मारली. मान वर नाही! जवळ जाऊन बघते तर दोन्ही कानांवर वाट्यांएवढे हेडफोन. आता म्हणे हेडफोनसाठी वेगळा अॅम्प्लिफायर चाललाय. खांदा हलवला, तेव्हा एक कान उघडा केला. "काही म्हणालीस?"

काय सांगणार? म्हटलं, "जेवायला चला." "आलोच," म्हणाले आणि कान परत झाकला.

शेवटी वैतागून काल घराचा मेन स्विचच बंद केला. म्हटलं, आता कसे उठत नाहीत बघते! अंधारात उभी राहिले, वाट बघत... आणि टेबलापाशी हे आपले मजेत मान डोलावतायत. बॅटरीवर चालतं ना ते!