ज्वालिनी आणि चहावाली

दाताच्या दवाखान्यात लेखकमहाशय बायकोला नवी कादंबरी ऐकवत होते. बायको सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसली होती. काउंटरवरच्या नर्सला नको म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं.

"नायिकेचं नाव ज्वालिनी! नावातच अख्खा स्वभाव. कुणाची भीडभाड ठेवत नाही. सहा महिने डोकं खाजवलंय या नावासाठी."

"आणि ती सारखी चहा आणून देते, तिचं नाव?"

"नायकाच्या बायकोचं? तिला नाव कशाला? 'नायकाची बायको' म्हटलं की भागतं."

"पेशंटचं नाव सांगा," नर्स म्हणाली.

बायकोने रुमाल काढला. "ज्वालिनी."

"अगं, काहीतरीच काय!"

"आणि हे कोण?"

"यांना नाव कशाला? 'सोबत आलेले' म्हटलं की भागतं."